उजवा पंख धरायला कोण आहे?

बुधवारी दुपारी ते दोन लांबलचक खोके दारात येऊन पडले, तेव्हा ड्वेन रिंगस्टॅड जेवायला बसला होता. हातातले हॅमचे सँडविच त्याने अर्धवट बशीत ठेवले आणि तो उठला.

"ते तिथंच राहू दे," मार्लिस म्हणाली. ती खुर्च्यांना बांधायच्या पांढऱ्या फिती कापत बसली होती. "शनिवारी पोरीचं लग्न आहे. रविवारी उघड."

"नुसतं बघतो."

"तू नुसतं काही बघत नाहीस. मागं नुसता नळ बघितलास, तर आपण आठवडाभर माझ्या भावाकडे आंघोळीला जात होतो."

तोपर्यंत ड्वेनने खिशातला चाकू काढून पहिल्या खोक्याची पट्टी चिरली होती. आत राखाडी रंगाचे दोन पोलादी दांडे होते, दुसऱ्या खोक्यातही तसेच दोन. ड्वेनच्या जुन्या विमानाच्या पंखांना खालून टेकू देणारे हे तिरके दांडे. प्रत्येक पंखाला दोन. एक टोक पंखाच्या पोटाशी, दुसरे विमानाच्या बुडाशी. विमान पिवळे, कापडाने मढवलेले, एकामागे एक अशी दोन माणसे बसतील एवढेच, आणि ड्वेनपेक्षा वयाने मोठे.

जुने दांडे जुलैत नापास झाले होते. मेकॅनिक रॉन्डा कुबियाकने तपासणीचा अणकुचीदार खिळा दांड्यावर दाबला आणि तो लोण्यात जावा तसा आत गेला. आदल्याच वर्षी ड्वेनने त्या दांड्यांना पिवळा रंग दिला होता आणि वर आरशासारखी चकाकी आणली होती. तो हिरमुसला.

"एवढे चांगले दिसतात," तो म्हणाला.

"रंग आहे म्हणून दांडा आहे," रॉन्डा म्हणाली. "रंग खरवडलास तर आत काही सापडणार नाही."

विमान तेव्हापासून जमिनीवर होते. आणि ते शनिवारी उडणे फार गरजेचे होते. ब्रिटाचे दुधाचे दात पडत होते तेव्हा ड्वेनने तिला शब्द दिला होता की तुझ्या लग्नाला मी तुला विमानातून आणीन. मावशीच्या शेतातून उडायचे, मक्यावरून एक चक्कर मारायची आणि गवताच्या धावपट्टीवर उतरून थेट हँगरच्या, म्हणजे विमान ठेवायच्या शेडच्या दारात नवरी हजर करायची. लग्न हँगरमध्येच होते. ब्रिटाचे अर्धे बालपण तिथेच गेले होते आणि तिला दुसरी जागा नको होती.

"दोन तासांचं काम आहे," ड्वेन म्हणाला. "शुक्रवारी दुपारी हँगर रिकामा. शब्द देतो."

मार्लिसने कात्री खाली ठेवली. नवऱ्याने आयुष्यभर नॉर्डाल आणि आसपासच्या गावांत विमा विकला होता. संकट सांगून येत नाही, हे वाक्य त्याने इतक्या शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात बसून म्हटले होते, की त्यावरचा त्याचा स्वतःचा विश्वास पार उडून गेला होता. हे तिला माहीत होते. पण लग्नाचे घर होते आणि फिती अजून बऱ्याच कापायच्या होत्या.

गुरुवारी सकाळी रॉन्डा आली आणि तिने ड्वेनला हाताशी घेऊन डावी बाजू पुरी केली. पंखाखाली लाकडी घोडी लावली, तिच्यावर जुनी गोधडी घातली, दोन्ही जुने दांडे काढले, नवे चढवले. ड्वेनच्या अंगात वारे शिरले.

"उजवी बाजू अशीच कर," रॉन्डा हात पुसत म्हणाली. ती तलावावर मासे धरायला निघाली होती, बोट गाडीला बांधून तयार होती. "बोल्ट नुसते हातानं घट्ट कर. शनिवारी सकाळी येऊन मी तपासते, मगच उडायचं. आणि हो, जुने दांडे कापून टाक. ठेवलेस तर कुणीतरी एक दिवस विमानाला लावेल."

डाव्या बाजूचे जुने तिने स्वतःच कापून ट्रकमध्ये टाकून नेले.

ड्वेनने घोडी उजव्या पंखाखाली सरकवली, जुने दांडे सोडवले आणि जमिनीवर नव्या दांड्यांशेजारी नीट ठेवले. दोन चकचकीत पिवळे, दोन मळकट राखाडी. तेवढ्यात मार्लिसचा फोन आला.

"व्याही आले," ती दबक्या आवाजात म्हणाली. "नेब्रास्काहून. उद्या येणार होते ते आज आलेत. सोफ्यावर बसलेत आणि आम्ही तिघं हवामानावर बोलतोय. हवामान संपत आलंय. तू ये."

ड्वेन निघाला. वाटेत त्याने मेव्हण्याला फोन केला. कर्ट हा मार्लिसचा धाकटा भाऊ, चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, स्वभावाने असा परोपकारी की गावात कुणाचे काही बिघडले की लोक आधी दार लावून घेत, कर्टला कळू नये म्हणून.

"हँगरवर जा," ड्वेन म्हणाला. "खाली दांडे पडलेत. त्यातले जुने दोन कापून टाक. कापायचा ग्राइंडर बाकावर आहे."

"एवढंच ना," कर्ट म्हणाला.

कर्ट गेला. त्याने चारही दांडे पाहिले. दोन दुकानातून आत्ताच आल्यासारखे लखलखीत होते. दोन कळकट होते, त्यांच्यावर ना रंग ना तेज. कर्टला जराही प्रश्न पडला नाही. त्याने कळकट दांड्यांचे प्रत्येकी तीन तुकडे केले, बाहेरच्या भंगाराच्या पिंपात नेऊन टाकले, जमीन झाडली, आणि तो दमलेल्या ड्वेनला खायला काहीतरी असावे म्हणून सॉसेज आणायला गेला.

व्याह्यांची बोळवण करून ड्वेन परत आला तर जमिनीवर पिवळे दांडे जसेच्या तसे. राखाडी दिसेनात. कर्टने ते जपून कुठेतरी आत ठेवले असणार, असे त्याच्या मनात आले. त्याने मान हलवली. मेव्हण्याला एक काम सांगावे तर सामानाची आवराआवर करतो आणि मुख्य काम ठेवून जातो. ग्राइंडर अजून कोमट होता, पण ड्वेनला त्याचे काही वाटले नाही. त्याने तो उचलला आणि पिवळ्या दांड्यांचे तुकडे केले. आपणच दिलेला रंग ठिणग्यांमध्ये जळताना पाहून त्याला थोडे वाईटही वाटले.

शेवटचा तुकडा पडला आणि कर्ट सॉसेजची पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"अरे, हे का कापलेस?"

"तू कापले नाहीस म्हणून."

"मी कापले."

"काय कापलेस?"

"जुने."

"जुने हे होते," ड्वेन म्हणाला.

कर्टने खालचे तुकडे पाहिले. मग पिंपाच्या दिशेने पाहिले. "हे तर चकचकीत आहेत," तो म्हणाला.

 उजवा पंख घोडीवर हनुवटी टेकून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा शांत होता.

"वेल्डिंग करता येईल," शेवटी कर्ट म्हणाला. ड्वेनने त्याच्याकडे नुसते पाहिले. कर्टने पिशवी बाकावर ठेवली. "सॉसेज गरम आहेत तोवर खाऊन घे."

ड्वेनने दांडेवाल्या दुकानात फोन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलली. लवकरात लवकर म्हणजे मंगळवारी पोहोचतील म्हणाली. मग तिने काळजीने विचारले, "आधीच्यांत काही खोट होती का?"

"नाही," ड्वेन म्हणाला. "फार चांगले होते. सहज कापले गेले."

उडणे संपले होते. निदान हँगर तरी रिकामा करायचा, म्हणून शुक्रवारी सकाळी दोघे पंखच उतरवायला निघाले. पंख मुळाशी दोन बोल्टांवर असतो. दांडे नसले की दार बिजागरीवर झुलावे तसा तो त्यांच्यावर झुलतो. पुढचा बोल्ट आला. मागचा हलेना. त्यांनी तेल घातले, पाना लावला, पान्याला पाइप लावून जोर केला, कर्टने लहानपणची प्रार्थनाही म्हणून पाहिली. बोल्ट जाम तो जाम. पुढचाही परत बसवावा लागला.

ड्वेनने तलावावर रॉन्डाला फोन केला.

"हातोडा लावू का?"

"तू बोल्टला हातोडा लावलास तर मी येऊन तुला लावेन," रॉन्डा म्हणाली. मग पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत राहिला. "चारही कापलेत?"

"चारही."

"कुणी?"

"दोघांनी मिळून," ड्वेन म्हणाला.

दुपारी ब्रिटा आली. बरोबर नवरामुलगा मायका होता, शाळेत संगीत शिकवणारा, उंच, सडपातळ आणि इतका शांत की त्याला खोलीत सोडून लोक दिवा बंद करून जात. मागोमाग मार्लिस आणि विहीणबाई जनेल. चौघेही दारात थांबले. हँगरच्या मधोमध विमान होते, त्याच्या पंखाखाली घोडी, घोडीखाली उंची जुळवायला गवताचे गठ्ठे, आणि सगळ्याखाली कर्ट झोपून काहीतरी तपासत होता.

"डॅड," ब्रिटा म्हणाली, "हे बाहेर जाणार होतं ना?"

ड्वेनने सांगितले. त्याने खूप सावकाश, विम्याचा दावा नामंजूर झाल्याचे सांगावे तसे सांगितले. कर्टचे नाव त्याने दोनदा गाळले आणि तिसऱ्यांदा कर्टने स्वतःच सांगितले.

ब्रिटाने ऐकून घेतले. तिने पंखाकडे पाहिले, घडी करून ठेवलेल्या टेबलांकडे पाहिले आणि ओठ हलवत हिशेब केला. "ठीक आहे," ती म्हणाली.

ड्वेनचा चेहरा उतरला. ती ओरडली असती तर बरे झाले असते. रिंगस्टॅडांच्या घरात 'ठीक आहे' हा शेवटचा शब्द होता. त्यापुढे माणसे फक्त वकिलांशी बोलत.

"किती वेगळंच आहे," जनेल विमानाभोवती फिरून म्हणाली. "आमच्याकडे आपलं चर्चमध्येच असतं."

 मार्लिसने नवऱ्याचा दंड धरून त्याला विमानाच्या शेपटीपाशी नेले.

"आयुष्यात पहिल्यांदा ती बाई आपल्या घरी आली आहे," ती म्हणाली. "आणि माझी टेबलं विमानाच्या पोटाखाली लागणार आहेत."

"पंखावर चादर घालू. वर फुलं सोडू."

"ड्वेन, वाढायच्या जागी प्रॉपेलर आहे."

वाट मायकाने काढली. तो इतका वेळ पंखाच्या टोकाशी उभा होता. त्याने तो अलगद उचलून पाहिला. "हलका आहे की," तो म्हणाला. "दोघांनी धरला आणि बाकीच्यांनी विमान ढकललं, तर बाहेर नेता येईल."

सगळे त्याच्याकडे वळले. जावई एवढे मोठे वाक्य बोलला, याचेच आधी सगळ्यांना आश्चर्य वाटले.

शनिवारी सकाळी तसेच झाले. मायकाचे मित्र कोट काढून ठेवून आले, दोघांनी पंख धरला, बाकीच्यांनी ढकलले, ड्वेन पुढे उलटा चालत "सावकाश, सावकाश" म्हणत राहिला. वरातीसारखे विमान दारातून बाहेर पडले, हँगरच्या कडेला गवतात उभे राहिले, पंखाखाली गठ्ठे रचले, त्यावर घोडी ठेवली. आत लगेच टेबले लागली. ब्रिटाने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. ड्वेनला वाटले, निभावले.

मग वारा सुटला.

फार मोठा नव्हता. मक्याची पाने सळसळतील एवढाच. पण विमानाचा पंख बनवलाच आहे वाऱ्यावर उचलला जाण्यासाठी, आणि दांडे नसल्यामुळे त्याला खाली ओढून धरणारे कुणी नव्हते. पंख घोडीवरून हळूच उठला, त्याने जरा विचार केला आणि तो दणकन खाली आला. घोडी आडवी झाली. ड्वेनने उडी मारून तो मधल्या मध्ये झेलला आणि तसाच हात वर करून उभा राहिला.

"दोर आणा."

दोर मिळाला. पंखाच्या पोटाला दांडे अडकवायच्या दोन कड्या होत्या, त्यांना दोर बांधून जमिनीत खुंट्या ठोकल्या. आठवडाभर पाऊस झालेला. पहिल्याच झुळकेला खुंट्या मुळ्यासारख्या उपटून वर आल्या. गाडीला बांधावे तर गाडी जवळ आणायला जागा नव्हती. तिकडे जेवणाचा तंबू लागला होता. आत परत न्यावे तर आत पांढऱ्या चादरी, फुले आणि तीन मजली केक.

"म्हणजे आता," कर्ट म्हणाला, "कुणीतरी धरूनच उभं राहायचं."

"किती वेळ?"

"मंगळवारपर्यंत दांडे येतायत ना."

ड्वेनने डोळे मिटले. पंख खरोखरच हलका होता. तेच वाईट होते. जड असता तर माणूस हरला असे म्हणून मोकळा झाला असता. हा खाली पडू द्यायचा नव्हता आणि वर उडू द्यायचा नव्हता. दोघांनी दोन कड्या धरून नुसते उभे राहायचे होते, एका निर्जीव वस्तूची समजूत काढत.

पाहुणे येऊ लागले. पाळ्या लागल्या. मायकाच्या मित्रांनी थोडा वेळ धरला, मग मावशीच्या नवऱ्याने, मग दुधाच्या टँकरवाल्याने. आणि मग ड्वेनच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. पंखाखालची गर्दी वाढत होती. लग्नाला बायकांनी ओढून आणलेले, टायने गळा आवळलेले, कुणाशी काय बोलावे हे न कळणारे नॉर्डालमधले सगळे पुरुष हँगरच्या दारातून आत डोकावत, "काही मदत हवी का?" असे घाईने विचारत आणि पंखाखाली येऊन उभे राहत. बिअरचे पिंपही कुणीतरी तिकडेच सरकवले. मायकाचे वडील, जे नेब्रास्काहून निघाल्यापासून सहा शब्द बोलले होते, ते आता ट्रॅक्टरच्या क्लचवर हातवारे करून बोलत होते. हातवारे एकाच हाताने होते, दुसऱ्याने पंख धरला होता.

"आत कोणी पुरुष आहे का?" मार्लिस बाहेर येऊन म्हणाली. तिने नवा निळा पोशाख घातला होता आणि तिच्या गालांवर लाल ठिपके उमटले होते. "फोटो काढायचेत. आत नुसत्या बायका आणि एक म्हातारा आहे, तोही झोपलाय."

"पंख, मार्लिस," ड्वेन म्हणाला.

"मला त्या पंखाचं नाव सांगू नकोस. जन्मभर मी त्या विमानाशी नवरा वाटून घेतला. आज एक दिवस मला दे."

 तिचे चुकत नव्हते. त्याने हात खाली घेतला, पंख टँकरवाल्याच्या हाती दिला आणि आत गेला. फोटोत तो हसला. खिडकीतून पिवळ्या पंखाचे टोक वरखाली होताना दिसत होते आणि त्याबरोबर त्याचे हसूही वरखाली होत होते.

लग्नाची वेळ झाली. पास्टर इंगा पुस्तक घेऊन फुलांच्या कमानीखाली उभी राहिली. मार्लिसने बाहेर जाऊन पुरुषांना असे काही सांगितले की सगळे मुकाट्याने रांगेने आत आले आणि खुर्च्यांवर बसले. कर्ट अ‍ॅकॉर्डियन घेऊन कोपऱ्यात बसला. ब्रिटा मागच्या दारात बापाचा हात धरून उभी होती. पांढऱ्या पोशाखात ती इतकी सुंदर दिसत होती, की ड्वेन तिच्याकडे नीट पाहू शकला नाही.

"तुला विमानातून आणणार होतो," तो पुटपुटला.

"ठीक आहे, डॅड," ती म्हणाली. या वेळचे 'ठीक आहे' जरा निराळे वाटले, पण ड्वेनला खात्री नव्हती.

कर्टने सूर धरला. बापलेक चालत निघाले. लोक उठून उभे राहिले. दोघे कमानीपाशी पोहोचले, कर्ट थांबला, पास्टर इंगाने पुस्तक उघडले, ती हसली, आणि मग तिचे हसू हळूहळू मावळले.

"नवरामुलगा कुठंय?" तिने हळूच विचारले.

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. जनेल अर्धवट उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मायकाच्या मित्रांपैकी एकाने मान खाली घातली, आणि ड्वेनच्या मनात एक थंडगार प्रश्न आला. सगळे पुरुष आत आहेत. मग बाहेर पंख कोण धरतंय?

तो हँगरच्या बाजूच्या मोठ्या दाराशी गेला आणि ते ढकलून उघडले.

गवतात, पंखाखाली, मायका एकटा उभा होता. दोन्ही हात वर, दोन्ही कड्या दोन मुठींत, काळा कोट वाऱ्याने फुगलेला, टाय खांद्यावरून मागे गेलेला. त्याला एकट्याला तो पंख आवरत नव्हता. झुळूक आली की त्याच्या टाचा जमिनीवरून सुटत आणि तो पुन्हा खाली येई.

"सगळे आत गेले," तो म्हणाला. "सोडला असता तर मोडला असता. मी हाक मारली, पण अ‍ॅकॉर्डियन सुरू झालं."

ड्वेन धावत गेला आणि त्याने मागची कडी धरली. दोघे समोरासमोर, हात वर करून उभे राहिले, आणि तो म्हणाला, "पोरा, तू जा. मी धरतो."

"एकट्याला नाही जमणार," मायका म्हणाला. "मी बघितलंय."

हँगरच्या दारात माणसांची दाटी झाली. सगळ्यांत पुढे ब्रिटा होती. तिने क्षणभर त्या दोघांकडे पाहिले. मग तिने पोशाख दोन्ही हातांनी वर उचलला आणि गवतातून चालत सरळ पंखाखाली आली. पास्टर इंगा तिच्यामागे, आणि तिच्यामागे खुर्च्या सोडून सगळे नॉर्डाल आणि थोडे नेब्रास्का.

"धरायला येऊ का?" कर्टने विचारले.

"तू तिथंच थांब," तिघेजण एकदम म्हणाले.

टँकरवालाही पुढे झाला, पण ब्रिटाने त्याला मानेनेच थांबवले. असे ते लग्न लागले. पंखाच्या सावलीत. पास्टर इंगाने विचारले, या मुलीला कोण देत आहे, तेव्हा ड्वेन रिंगस्टॅड दोन्ही हात वर करून "मी" म्हणाला, आणि ते लुटारूला शरण गेल्यासारखे ऐकू आले. अंगठीची वेळ आली. मायकाने एक हात सोडून पाहिला, पंख उचलला गेला, त्याने परत धरला. तेव्हा ब्रिटाने बूट काढले, बापाने गुडघा वाकवून पुढे केलेल्या मांडीवर एक पाय टेकवला, ती वर चढली आणि तिने कडीला घट्ट धरलेल्या त्या बोटात अंगठी सरकवली. मग तिने आपला हात त्याच मुठीपाशी नेला, मायकाने दोन बोटे तेवढी मोकळी केली, तिने आपली अंगठी त्या दोन बोटांत धरायला दिली आणि तिच्यात आपले बोट सरकवले. ड्वेनच्या मांडीला रग लागली होती, खांदे भरून आले होते आणि डोळ्यांतले पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. ते नाकावरून ओघळून हनुवटीपर्यंत गेले. सगळ्यांनी पाहिले.

सूर्य कलला तसा वारा पडला. पंख गठ्ठ्यांवर निजला. रॉन्डा तळ्यावरून उशिरा आली, तिने विमानाभोवती एक फेरी मारली, जाम बोल्टावर टिचकी मारली आणि ती बिअर घ्यायला गेली. आत नाच सुरू झाला होता. ड्वेन जेवला नाही. एवढ्या माणसांपुढे आपण पोरीच्या लग्नाचा पार विचका केला, हे त्याच्या मनातून जाईना. जनेल दूर उभी राहून तो पंख न्याहाळत होती, तेव्हा तर त्याला जमिनीत गडप व्हावेसे वाटले.

मंगळवारी दुपारी नवे दांडे आले. ड्वेन जेवण सोडून उठला नाही. त्याने जेवण संपवले, बशी धुतली, खोका गाडीत घातला, हँगरवर नेला. रॉन्डा येणार होती. कर्टला येऊ नको असे त्याने निरोप पाठवला होता. त्याने चाकू काढला, तोच मार्लिसची गाडी दारात थांबली.

"ते उघडू नकोस," ती म्हणाली.

"का?"

मार्लिस पंखाखालच्या गठ्ठ्यावर बसली. तिने पर्स मांडीवर घेतली, उघडली, बंद केली. "जनेलचा फोन होता. त्या फोटोंवरून त्यांच्या गावात सगळे वेडे झालेत. तिच्या धाकट्या मुलीचं लग्न ऑक्टोबरात आहे. चर्च ठरलं होतं. आता ती पोरगी म्हणते, इथंच करायचं. असंच. पंखाखाली."

"मग करू दे. विमान इथंच असेल. दांडे लावलेलं."

"दांडे लावल्यावर धरायचं काय?" मार्लिस म्हणाली. "तिला पंख नवऱ्यानं धरलेला हवाय. जनेल म्हणाली, मायकाला तसं उभं बघितलं तेव्हा ती स्वतः आयुष्यात पहिल्यांदा रडली. मी हो म्हणून बसले आहे, ड्वेन. आपल्या घरी पहिल्यांदाच काहीतरी मागितलंय तिनं."

ड्वेनने खोक्याकडे पाहिले. मग पंखाकडे. ऑक्टोबरपर्यंत उडण्याचे दिवस संपणार होते, त्यानंतर बर्फ. त्याने चाकू मिटून खिशात घातला आणि तो बायकोशेजारी गठ्ठ्यावर बसला.

"आणि त्या दिवशी वारा नसला तर?" त्याने विचारले. त्याच्या आवाजात थोडी आशा होती.

मार्लिसने त्याच्या गुडघ्यावर थोपटले.

"कर्टला विचारलंय मी," ती म्हणाली. "तो गोठ्यातला मोठा पंखा आणतोय."